रात्रीचं अंतर



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांना या सभागृहातले बहुतेक जण नुसतं ‘डॉक्टर’ म्हणत. मीही तेच म्हणणार आहे. सरकारी नोकरीत रुजू होऊन आठच दिवस झाले होते, तेव्हा मी त्यांच्या दवाखान्यात भेटीला गेलो. माझं प्राथमिक आरोग्य केंद्र रोहा तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात होतं. चहा घेताना मी विचारलं, “माझ्या हद्दीतली सगळ्यांत लांबची वाडी किती लांब असेल?” त्यांनी उलट विचारलं, “कधी? दिवसा का रात्री? मे महिन्यात का श्रावणात?” माझ्या हातात नकाशा होता आणि त्यावर किलोमीटर लिहिलेले होते. अंतराला महिना असतो, वेळ असते, हे मला वैद्यकीय शिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

संयोजकांनी दिलेला विषय मोठा आहे: गरीब देशांत आरोग्यसेवा सर्वांपर्यंत न्याय्य रीतीनं कशी पोचेल. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या २०२३च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे साडेचार अब्ज माणसांना, म्हणजे निम्म्याहून अधिक मानवजातीला, आवश्यक आरोग्यसेवा पुरेशा मिळत नाहीत. हा आकडा मी आज एकदाच उच्चारतो. एवढ्या मोठ्या आकड्यासमोर माणूस हात जोडून उभा राहतो, दुसरं काही करू शकत नाही. म्हणून पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतून, रात्रीच्या वेळी, पावसात, हा विषय कसा दिसतो ते सांगतो.

माझ्या नोकरीतला तो पहिला श्रावण. सकाळी साडेसातच्या सुमारास चार माणसं भिजत केंद्राच्या पायरीशी आली. बांबूला घोंगडी बांधून केलेल्या झोळीत आठ-नऊ वर्षांची कातकरी मुलगी होती. रात्री दोनच्या सुमारास पोटात दुखतंय म्हणून ती उठली होती. अंगावर चावल्याची खूण दिसत नव्हती, त्यामुळे पान लागलं, म्हणजे साप चावला असेल, असं घरात कुणाच्या मनात आलं नाही. पहाटे तिच्या पापण्या मिटायला लागल्या, बोलणं जड झालं, थुंकी गिळता येईना. तेव्हा तिच्या आजीनं ओळखलं. वाडी आणि केंद्र यांच्या मधे एक ओढा. त्याचं पाणी ओसरायची वाट बघण्यात दीड तास गेला.

मण्यार अशीच चावते. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला, रात्री. दात बारीक, वेदना जवळजवळ नाही, सूज नाही. तिचं विष मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप तोडतं. आधी पापण्या, मग घसा, शेवटी श्वासाचे स्नायू. हृदय चालू असतं, शुद्धही बराच वेळ शाबूत असते. अशा माणसाला कुणी बाहेरून श्वास देत राहिलं, तर तो वाचतो. कधी काही तास द्यावा लागतो, कधी काही दिवस.

केंद्राच्या कपाटात सापावरचं इंजेक्शन नव्हतं. मागणी पाठवून दोन महिने झाले होते. जीप दुरुस्तीला गेली होती. तोंडावर मुखवटा धरून रबरी पिशवी दाबत हवा द्यायची असते, ती अँबू बॅग मात्र होती. खोक्यात. मी ती त्याआधी कधी हातात धरली नव्हती. रेतीच्या एका ट्रकमधून आम्ही मुलीला घेऊन निघालो. मुखवटा तिच्या लहान चेहऱ्यावर बसत नव्हता, हवा कडेनं निसटत होती. तालुक्याचं गाव दिसायला लागलं तेव्हा ती गेलेली होती.

तिच्या वाडीपासून आमचं केंद्र नकाशावर सात किलोमीटर होतं. कागदोपत्री ती आरोग्यसेवेच्या टप्प्यात राहत होती.

सरकारी निकष तुम्हाला ठाऊक असतील. सपाटीवर पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी आणि आदिवासी भागात तेच तीन हजार आणि वीस हजार. या निकषामागं चांगला विचार आहे. त्याचं मूळ १९४६च्या भोर समितीच्या अहवालात सापडतं. पैसे देता येत नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व त्या समितीनं स्वातंत्र्याच्या आधीच मांडलं होतं. पण निकष माणसं मोजतो, ओढे मोजत नाही. चाळीस घरांची वाडी कोणत्याही निकषात स्वतःच्या बळावर बसत नाही. तिला खालच्या मोठ्या गावाला जोडतात, आणि ते गाव जूनपासून सप्टेंबरपर्यंत पलीकडच्या काठावर असतं.

पेणच्या पूर्वेला गागोदे बुद्रुक आहे. ११ सप्टेंबर १८९५ला विनोबा तिथे जन्मले, म्हणून ते नाव देशभर माहीत आहे. त्या डोंगरपट्ट्यातल्या खवसावाडी, काजूचीवाडी यांसारख्या वाड्यांची नावं मात्र आजारी माणूस झोळीतून खाली आणला की वर्तमानपत्रात येतात. त्या वर्षानुवर्षं रस्ता मागत आल्या आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ साली राज्यात सुरू झाली आणि तिनं असंख्य जीव वाचवले, हे मी मनापासून मान्य करतो. पण ती डांबरी रस्ता संपतो तिथे उभी राहते. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचावपथकं पावसातून, अंधारातून पायी वर चढली. अवघ्या महाराष्ट्रानं त्या दिवसांत ती पायवाट टीव्हीवर पाहिली. वाडीतली माणसं बाळंतपणासाठी, तापासाठी, पान लागल्यावर त्याच वाटेनं रोज ये-जा करत होती.

पश्चिमेला खारेपाटात अंतर वेगळ्या जातीचं आहे. तिथे जमीन सपाट, रस्ते बरे, पण खाडीचं पाणी उधाणाला बांध फोडून शेतात येतं आणि उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरची वाट बघतं. जुलाब आणि कावीळ तिथे औषधाच्या टंचाईतून येत नाहीत, हंड्यातून येतात. खारेपाटावर वेगळं व्याख्यान व्हायला हवं. पुढच्या वर्षी तिथल्याच एखाद्या बाईला या व्यासपीठावर बोलवावं, अशी माझी संयोजकांना विनंती आहे.

वेल्समध्ये ज्युलिअन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते. कोळसा खाणीतल्या मजुरांच्या गावात त्यांनी आयुष्यभर दवाखाना चालवला. १९७१ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख लिहून एक नियम मांडला: जिथे गरज जास्त, तिथे चांगली सेवा कमी, आणि आरोग्यसेवा बाजाराच्या हवाली जितकी अधिक, तितका हा उलटा न्याय अधिक पक्का. ही गोष्ट ब्रिटनमधली, जिथे सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांना मोफत होती. आपल्याकडे पनवेल-कामोठ्यापासून मुंबईपर्यंत मोठाल्या रुग्णालयांची रांग आहे, धाटावला कारखाने आहेत, रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. साधनं या दोन तालुक्यांच्या दारावरून रोज धावतात. डोंगराच्या पायथ्याशी ती थांबत नाहीत.

यावर काय करावं हे जगाला माहीत नव्हतं असं नाही. मला आज मुख्यत्वे हेच सांगायचं आहे. उत्तर आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच भाषेत, दोन वेळा सापडलं होतं.

पहिल्यांदा मांडव्याला. डॉ. नोशिर अंतिया हे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले नावाजलेले प्लास्टिक सर्जन. कुष्ठरोग्यांची वाकडी झालेली बोटं सरळ करण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. ते करता करता त्यांच्या लक्षात आलं की बोटं वाकडी व्हायच्या आधी हा माणूस आपल्याला भेटायला हवा होता, आणि तो गावात भेटतो, जे. जे.मध्ये नाही. १९७३च्या सुमारास त्यांनी अलिबाग तालुक्यात मांडवा आणि भोवतालच्या तीसेक गावांत काम सुरू केलं. गेटवेवरून मांडवा समोर दिसतं, तरी त्या काळी पावसाळ्यात लाँच बंद झाल्या की ते मुंबईपासून किती दूर जाई हे सांगायला नको. त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. कुणी थोडं शिकलेली, कुणी अजिबात नाही. या बायकांनी क्षयाचे आणि कुष्ठरोगाचे रुग्ण हुडकले, त्यांच्या गोळ्या चुकू दिल्या नाहीत, गरोदर बायकांवर लक्ष ठेवलं, मुलांचे जुलाब घरच्या घरी आवरले. शिकवलं तर गावातली बाई हे करू शकते, आणि पुष्कळदा शिकलेल्यापेक्षा नीट करते, हे मांडव्यानं दाखवलं.

तो प्रयोग काही वर्षांनी गुंडाळावा लागला. रोग हटले नाहीत म्हणून नव्हे. स्थानिक पुढाऱ्यांना आणि आरोग्य यंत्रणेतल्या काहींना तो खुपला, म्हणून. गावातली बाई तापाची गोळी देते, हिशेब विचारते, केंद्रात डॉक्टर हजर का नाहीत असं विचारते. ज्यांचं वजन त्या ‘नसण्या’वर उभं होतं त्यांना हे कसं चालावं? सप्टेंबर १९७८मध्ये अल्मा-आता इथे जगभरच्या देशांच्या प्रतिनिधींनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मंजूर केला, तेव्हा मांडव्याचं काम आधीच चालू होतं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांकडून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आल्या. आज पेण-रोह्यातली आशाताई ही त्या सगळ्यांची वारस आहे.

तिला आपण काय देतो? कामागणिक मोबदला, तोही उशिरा. २०२३च्या अखेरीस आणि २०२४च्या सुरुवातीला राज्यभरच्या आशांना त्यासाठी संपावर जावं लागलं. माझ्या वयाच्या काही डॉक्टर मित्रांनी तेव्हा नाराजी दाखवली. मी त्यांना सांगितलं की जी बाई रात्री अडीच वाजता पहिली उठते, तिचं मानधन हा आरोग्यसेवेचाच भाग आहे, उपकाराचा नाही.

दुसरं उत्तर महाडजवळ बिरवाडीला सापडलं. ही कहाणी मी जरा सविस्तर सांगतो, कारण तिचा माझ्या हातावर थेट परिणाम झालेला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मराठवाड्यातल्या गरीब शेतकरी घरातले. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू तुम्हाला माहीत आहे. पेंढ्यात, लाकडांच्या ढिगात, दगडांच्या बांधात असतो. तो चावल्यावर नुसतं ठणकत असेल तर माणूस वाचतो. पण दरदरून घाम, ओकाऱ्या, गार पडलेले हातपाय अशी लक्षणं दिसली की पुढच्या काही तासांत फुप्फुसात पाणी भरायचं. तोंडाला लालसर फेस यायचा. अशा रुग्णांपैकी कितीतरी दगावत, त्यांत मुलं जास्त. उपचार म्हणून जे काही देत, त्यानं फरक पडत नसे.

बावस्करांनी काय केलं? ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसून राहिले. तासातासाला रक्तदाब, नाडी, घाम, श्वास लिहून काढला. विषामुळे शरीरातली उत्तेजक द्रव्यं एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाला ते ओझं झेपत नाही, हे त्या नोंदींतून दिसत गेलं. त्यांची निरीक्षणं १९८२ साली लॅन्सेटमध्ये आली. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध त्यांनी शोधलं, आणि ते कुठे होतं? रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळीत. प्राझोसिन. १९८६ साली तेही लॅन्सेटमध्ये छापून आलं. जिथे तीन-चार गंभीर रुग्णांत एक जात असे, तिथे मृत्यू शंभरात एखाद्यावर आले. २०११ साली त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी महाडमधल्या रुग्णांवरच तुलनात्मक चाचणी करून दाखवलं, की प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरचं इंजेक्शन दिलं तर माणूस आणखी लवकर सावरतो. तीही ब्रिटिश मेडिकल जर्नलनं छापली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आमच्या केंद्रात ही बातमी लॅन्सेटमधून आली नाही. महाडहून बदलून आलेल्या एका कंपाउंडरनं ती सोबत आणली. त्या ऑक्टोबरात भारा बांधताना विंचू चावलेली एक तरुण बाई घामानं निथळत आली. आम्ही गोळी दिली आणि मी रात्रभर तिच्या उशाशी बसलो. सकाळी हातपाय गरम झाले, तिनं पेज मागितली. आधीच्या श्रावणातली मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. एक गोळी, तिची वेळ, आणि उशाशी जागणारा माणूस. तिथे यंत्र नव्हतं, तज्ज्ञ नव्हता.

सापाचंही तसंच आहे. आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. या चौघांवर चालणारं इंजेक्शन घोड्यांच्या रक्तातून तयार होतं. परळची हाफकिन संस्था त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. ते द्रवरूप असेल तर थंड ठेवावं लागतं. भुकटीच्या रूपात असेल तर नेहमीच्या तापमानाला बराच काळ टिकतं. वीज जाणाऱ्या उपकेंद्रात कुठलं ठेवायचं, हे ठरवायला समिती लागत नाही. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, नळी वीस मिनिटं हलवायची नाही, मग तिरकी करायची. गोठलं नसेल तर विष भिनलं आहे. नळी काचेचीच हवी. प्लास्टिकची किंवा साबणाच्या पाण्यानं धुतलेली असेल तर परीक्षा फसते. लहान मुलाला इंजेक्शन कमी द्यायचं नसतं, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. आवळून दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. अवयव न हलवता झोळी लवकर उचलायची.

भारतातल्या मृत्यूंच्या एका मोठ्या अभ्यासानं २०२० साली दाखवलं, की २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. बहुतेक ग्रामीण भागात, निम्मी पावसाळ्याच्या चार महिन्यांत, आणि बरीचशी रुग्णालयात पोचण्याआधी घरीच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. आपल्या केंद्र सरकारनं २०२४च्या मार्चमध्ये त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि नोव्हेंबरात राज्यांना प्रत्येक दंशाची आणि मृत्यूची नोंद सक्तीची करायला सांगितलं. मला याचा फार आनंद झाला. ती मुलगी कुठल्याच आकड्यात नव्हती. केंद्रात पोचली म्हणून माझ्या वहीत होती, वाटेत गेली म्हणून तालुक्याच्या वहीत नव्हती.

भगताबद्दल दोन शब्द. आम्ही डॉक्टर मंडळी भगताला दोष देऊन मोकळे होतो. माझा अनुभव असा, की भगत वाडीत असतो, रात्री दार उघडतो आणि ओढा ओलांडायला लावत नाही. आपण त्याच्याइतके जवळ गेलो तर लोक आपल्याकडे येतात. आमच्या भागातल्या एका भगतानं पुढे कितीतरी माणसं स्वतः झोळीला खांदा देऊन माझ्याकडे आणली. ज्यांच्या स्मरणार्थ मी बोलतो आहे, त्या डॉक्टरांनी त्याला बोलावून, शेजारी बसवून, मण्यारीची लक्षणं समजावून सांगितली होती.

आता वाडीतून माणसंच निघून जातात तेव्हाचं. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. बाकीचे दोन कोलाम आणि माडिया गोंड. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात, घाटावर जातात, राज्याबाहेरही जातात. आगोटीला, पावसाळ्याच्या तोंडावर, परततात. क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. सप्टेंबरात सुरू झाला तर मार्चला संपणार, आणि मधे भट्टी. बाळाची लस दहाव्या आठवड्याची राहिली, चौदाव्याची राहिली. परत आल्यावर सिस्टर रागावते, “इतके दिवस कुठे होतीस?” तिच्याही रजिस्टरला दोष देता येत नाही. ते वाडीचं रजिस्टर आहे, आणि वाडी रिकामी होती. ज्या भट्टीवर ती बाई होती तिथल्या केंद्राच्या रजिस्टरमध्ये ती परगावची. अशी अर्धं वर्ष कुणाचीच नसलेली माणसं या दोन तालुक्यांत शेकड्यांनी आहेत. दिवाळीआधी मुकादमाकडून कुठल्या भट्टीवर कोण चाललं आहे याची यादी घ्यावी, गोळ्या सोबत द्याव्या, आणि तिथल्या सिस्टरला फोन करावा. हे काम एका माणसाचं आहे. ते आम्ही दोन वर्षं केलं. मग बदली झाली.

त्यात आणखी एक अडचण आहे. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय पेणमध्ये आहे, पण रायगड जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या अनुसूचित क्षेत्रात येत नाही. त्यामुळे पेसा कायद्यानं ग्रामसभेला मिळणारी ताकद इथल्या वाड्यांना नाही. सर्वांत असुरक्षित समूह इथे मोठ्या संख्येनं राहतो, आणि त्याच्या हाती कायद्याचं ते हत्यार नाही. १५ नोव्हेंबर २०२३ला अशाच समूहांसाठी पीएम-जनमन योजना सुरू झाली. रस्ता, घर, फिरता दवाखाना तिच्यात आहे. ती इथे नीट राबली तर खवसावाडीच्या वाटेवर पहिल्यांदाच चाक चालेल. पेणच्या कार्यालयाच्या दारात जाऊन ‘आमच्या वाडीचं काय झालं’ असं दर महिन्याला विचारणारी माणसं त्यासाठी हवीत.

पैशाचं थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून होणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे. जुलै २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता; तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. हृदयाची, मूत्रपिंडाची, कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया तिच्यामुळे गरीब माणसाला शक्य झाली. माझा आक्षेप एकच आहे. विमा रुग्णालयाच्या दारात सुरू होतो. ओढा, झोळी, मिनीडोरचं भाडं, सोबत्यांची बुडालेली मजुरी, रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव हे सगळं त्या दाराच्या अलीकडे असतं. थायलंडनं २००२ साली सर्व नागरिकांना आरोग्यसेवेचं हक्काचं छत्र दिलं, त्याची जगभर वाहवा झाली. पण त्याआधी तीस वर्षं ते तरुण डॉक्टरांना सक्तीनं खेड्यात पाठवत होते, आणि १९८०च्या दशकात शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांवरचा नवा खर्च काही वर्षं थांबवून त्यांनी तालुक्यांची छोटी रुग्णालयं उभी केली होती. आधी दवाखाना, मग विमा. आपण पुष्कळदा कार्ड आधी छापतो.

पेणला आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, अलिबागला सिव्हिल आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीनं एक पावसाळा डोंगरपट्ट्यातल्या केंद्रात रात्रपाळी करावी, आणि जाण्याआधी अँबू बॅगचा मुखवटा लहान मुलाच्या चेहऱ्यावर बसवायला पुतळ्यावर पन्नास वेळा शिकावं, अशी माझी मागणी आहे. ती मी लेखी दिली आहे, पुन्हा देईन.

आणि तुमच्याकडे एक मागणं आहे. आगोटीची तयारी आपण घरोघर करतो: तांदूळ, लाकूडफाटा, सुकी मासळी, मीठ. तशी केंद्राची आगोट भरली का, हे बघायला मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्यापैकी पाच-पाच जण आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी फोन करा, ते आनंदानं दाखवतील. त्यांनाही वरून साठा मिळवायला तुमचा आधार हवा असतो. सापावरच्या इंजेक्शनच्या कुप्या किती, मुदत कधीची, काचेच्या नळ्या आहेत का, प्राझोसिन आहे का, लहान मुलाच्या मापाचा मुखवटा आहे का, रात्री कोण थांबतं. हे कागदावर लिहा आणि तो कागद केंद्राच्या भिंतीवर लावा. जाताना त्या हद्दीतल्या सर्वांत लांबच्या वाडीतली एक बाई सोबत न्या, आणि परतीच्या वाटेवर ती नेईल तिकडून, ओढ्यावरून, तिच्या घरापर्यंत चालत जा. घड्याळ लावून.

मी रोह्याच्या बाजूच्या केंद्रांना येईन. गुडघे साथ देतील तिथवर तुमच्या मागोमाग चालेन. नावं आज बाहेर टेबलावर लिहून घेत आहेत.